चालून दाखवा

दुधाची पिशवी मी अजूनही घरी आल्यावर आधी नाकाशी धरते. नवरा हसतो. म्हणतो, तू लग्नपत्रिका आली तरी मुलगा-मुलीची नावं नंतर वाचतेस, आधी खोट शोधतेस. खोटं नाही ते. पण माझा धंदाच तसा आहे, आणि धंद्याआधी स्वभावही तसाच होता.

मी साकोलीत राहते आणि जिल्हाभर फिरून झटपट मूल्यमापनं करते. कुठे नवी आरोग्यसेवा सुरू झाली, म्हाताऱ्यांसाठी, बाळंतिणींसाठी, अपंगांसाठी काही नवं निघालं, की काही महिन्यांनी ते चालवणाऱ्यांना प्रश्न पडतो, हे ठेवायचं की गुंडाळायचं? नीट अभ्यास करायचा तर वर्षं जातात आणि तेवढा धीर कुणालाच नसतो. मग आमच्यासारख्यांना पाठवतात. पंधरवडाभर गावं फिरा, घरात जाऊन बसा, माणसांशी बोला आणि काय ते एकदाचं सांगून टाका.

या कामात मी काय काय पाहिलंय म्हणून सांगू! मी येणार म्हणून आदल्या दिवशी रंगवलेल्या भिंतीला टेकले आणि एक चांगली साडी कायमची निळी झाली. ज्या केंद्रात कधी कुणी फिरकत नाही, तिथे सतरंजीवर बायका ओळीने बसवलेल्या पाहिल्या. त्यातल्या एकीने माझ्याच कानात विचारलं, "मॅडम, जेवण किती वाजता आहे?" तिसऱ्या घरात तेच वाक्य त्याच शब्दांत ऐकू आलं की मी पेनाला टोपण लावते. समजते की आपल्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलंय.

एवढ्या वर्षांत मी स्वतःपुरता एक नियम बांधला होता. ज्याला पगार मिळतो तो खोटं बोलतो, ज्याला सोसावं लागतं तो खरं बोलतो. कर्मचारी एक सांगतो आणि आजारी माणूस दुसरं, तर आजारी माणसाचं धरायचं. या नियमाने मला कधी दगा दिला नव्हता.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मला कोंढ्याच्या पलीकडच्या गावांत पाठवलं. तिथे लकवा झालेल्यांसाठी नवी सेवा सुरू होती. लकव्याच्या माणसाचं कसं होतं ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. दवाखान्यातून घरी आणतात, खाटेवर टाकतात, चार दिवस पाहुणे येऊन जातात, कुणी कसलं तेल सुचवतं, आणि मग तो माणूस त्या खाटेचाच होऊन जातो. या सेवेत एक शिकवून तयार केलेली बाई आठवड्यातून दोनदा घरी येई. हातपाय हलवून घेई, धरून उभं करी, चालायला लावी, घरच्यांनाही ते शिकवी. ती त्याच भागातली होती, तिशी-पस्तिशीची, स्कूटीवर फिरणारी. गावातले लोक तिला कसरतवाली बाई म्हणत.

सेवेचा एक नियम होता. पेशंट कुणी न धरता अंगणात जाऊन परत आत येऊ लागला की त्याच्याकडे येणं बंद, आणि त्याची जागा दुसऱ्या पेशंटला. कागदावर वाचला तेव्हा मला तो नियम रास्तच वाटला होता.

निघण्याआधी ज्यांनी काम दिलं त्या साहेबांनी फोनवर हळूच सांगितलं, "बहुतेक बंदच करावं लागेल असं दिसतंय. पण तुम्ही आपलं बघून घ्या." मला ते आवडलं नाही. उत्तर आधीच ठरलेलं असलं की मला प्रश्न विचारायला कशाला पाठवतात? म्हणजे मी घरून निघाले तेव्हाच माझा साहेबांवर संशय होता. गावात पोचेपर्यंत तो कसरतवाल्या बाईवर गेला.

धान कापणीचे दिवस होते. शेतांच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे कडपे वाळत पडले होते, कुठे त्यांचे ढीग, पुंजणे, रचून झाले होते. हातीपायी धड असलेलं माणूस घरी सापडायचं नाही. घरात आजारी माणूस आणि त्याच्याजवळ एखादी म्हातारी, एवढंच.

पहिलंच घर एका म्हाताऱ्याचं. पावसाळ्याच्या आधी त्यांचं उजवं अंग गेलं होतं. मुलगा नागपूरला कंपनीत, घरात नवराबायको दोघंच. बाबा खाटेवर उताणे पडून होते. दाढी ताजी केलेली, डोळे छपराकडे. त्यांच्या बायकोने मला प्लास्टिकची खुर्ची दिली, ती आधी पदराने पुसली आणि मग मी बसते की नाही ते बघत उभी राहिली.

"बाबा, कसरतवाली बाई येते काय?" मी विचारलं.

"येते न जी."

"मंग काही फरक?"

"कायचा फरक! जसाच्या तसा."

"उभे होता येते?"

"नाही जी," बायकोच बोलली. "कुसही मीच बदलून देतो. लाकडावानी पडून राहते."

भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक बांबू आडवा ठोकला होता. मधोमध तो हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तशी ती म्हणाली, "कपडे वाळवाले आहे तो." खाटेखाली चपला होत्या, त्यांना ओली माती होती. हे सगळं माझ्या डोळ्यांनी टिपलं, टिपायची सवयच आहे, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. माझा सगळा संशय त्या वेळी स्कूटीवर बसून फिरत होता.

पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरातही तेच. एका बाईचा डावा हात पोटाशी धरलेला, मूठ मिटलेली. सून म्हणाली, "हात उघडतच नाही जी." त्या मिटलेल्या बोटांना वालाच्या शेंगा सोलल्याचा हिरवा डाग होता. डाग काय, कसाही लागतो, असं मी मनाशी म्हणाले. संध्याकाळपर्यंत 'जसाच्या तसा' हे दोन शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकले की पेनाला टोपण लावायला हवं होतं. पण मी लावलं नाही. शिकवून ठेवलेली माणसं नेहमी गोड बोलतात. तक्रार करायला कुणी कुणाला कशाला शिकवेल?

दुसऱ्या दिवशी कोंढ्याच्या चौकात चहाच्या टपरीवर मी कसरतवाल्या बाईला गाठलं. ती उत्साहाने सांगू लागली, अमुक बाबा अंगणाच्या दारापर्यंत येतात, तमकी आजी आता शेंगा सोलते, फलाणा स्वतःच्या हाताने जेवतो. मी तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "मी काल त्या सगळ्यांना भेटून आले. कुणीच उठत नाही."

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. "असं कसं होईल मॅडम? परवाच त चालवलं मी बाबाले."

"त्यांनी तसं नाही सांगितलं."

"मंग मी खोटी बोलून राहिली काय?"

मी चहा संपवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडणाऱ्यावर मी लवकर विश्वास ठेवत नाही. ज्याचं काही बुडत असतं तो रडतोच, खरा असो की खोटा. तिने पदराने नाही, ओढणीने डोळे पुसले, स्कूटीची चावी उचलली आणि म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता चला."

त्या म्हाताऱ्या बाबांच्या घरी आम्ही दोघी गेलो. ते खाटेवरच होते. ती आत शिरली ती थेट त्यांच्या उशाशी. हक्काने म्हणाली, "बाबा, उठा. या मॅडमले चालून दाखवा."

बाबा हलले नाहीत.

"उठा न बाबा. रोज उठता न? चला, मी धरतो."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने मान खाली घातली. कसरतवालीने बाबांच्या खांद्याखाली हात घातला, उचलायला लागली. पण उठायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला उचलणं सोपं नसतं. ती वाकली होती तशीच थांबली. मग हात काढून घेतला आणि सरळ उभी राहिली.

"आजी, तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू माय," म्हातारी पुटपुटली. "नाही उठत ते."

कसरतवालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर गेली. स्कूटी एकदा सुरू होईना, दोनदा होईना, मग झाली. मी तिथे खुर्चीवर बसून राहिले आणि मला, खरं सांगते, समाधान वाटलं. माझा नियम पुन्हा एकदा खरा ठरला होता. लबाड बाई रंगेहाथ सापडली होती. आता दोन-चार घरं उरकायची, अहवाल लिहायचा. सेवा बंद, तिची नोकरी बंद. साहेबांचं म्हणणंही बरोबर निघालं, हे मात्र थोडं खुपलं.

मध्ये रविवार आला. माझी मोठी बहीण त्याच भागात एका गावात दिली आहे आणि त्या दिवशी तिच्या गावची मंडई होती. आपल्या झाडीपट्टीबाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार वाटतो. आपल्याकडे दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई भरते, सगळ्या सोयऱ्यांना आवतण जातं, दिवसा दंडार होते, म्हणजे ढोलकीवरचा नाच नि सोंगं, रात्री नाटक. पोरींची लग्नं जमतात, रुसलेले सोयरे पुन्हा बोलू लागतात. मंडईला गेले नाही तर बहीण वर्षभर टोमणे मारणार. गेले.

मैदानात गर्दी होती. जिलेबीचे ठेले, फुगे, उसाच्या मोळ्या, तलावातून काढलेल्या शिंगाड्यांचे ढीग. एका बाजूला दंडार रंगात आली होती. लुगडं नेसलेला एक गडी ढोलकीवर असा काही मुरडत होता की बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बहीण मला शिंगाडे घेण्यासाठी ओढत होती आणि मी सवयीप्रमाणे त्या बाईच्या तागडीकडे बघत होते. तेवढ्यात मला बाबा दिसले.

ते उभे होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, डाव्या हातात काठी. बाजूला त्यांची बायको, हातात जिलेबीचा पुडा. ते नुसते उभे नव्हते. ढोलकीच्या ठेक्याला त्यांचं डावं पाऊल जमिनीवर पडत होतं, आणि उजवं, ते लाकडावानी पडलेलं उजवं, थोडं घसटत, मागून का होईना, पुढे सरकत होतं. "हे इकडचे जुने दंडारवाले," बहीण सांगत होती. "तरुणपणी काय नाचत! लकवा झाला म्हणे, पण पाय बरा दिसून राहिला त्यायचा."

 फसवलं मला. त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने आणि त्या गरीब दिसणाऱ्या म्हातारीने मला बसवून फसवलं. मी तरातरा त्यांच्या दिशेने निघाले.

बाबांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा पडला आणि पुढच्या क्षणी ते अख्खेच खाली पडले. काठी टाकून दिली, गुडघे मोडले आणि भर मैदानात मातीत बसले, उजवा पाय पसरून, मान कलती करून. घरी खाटेवर धरला होता तोच चेहरा. माझ्यासमोर, शे-दोनशे लोकांसमोर त्यांनी लकवा पुन्हा पांघरून घेतला.

बायको ओरडली, "अवो बाप्पा!" जिलेबी सांडली. लोक गोळा झाले. आणि मग लक्षात आलं की खाली बसणं सोंग होतं, पण उठणं त्यांना खरंच जमत नाही. जमिनीवरून उठायचं अजून शिकवून झालं नव्हतं. ते धडपडत होते, हात टेकत होते, टोपी मातीत गेली होती. मला इतका राग आलेला होता आणि तरी मला ते बघवेना. मी काखेत हात घातला, बहिणीने दुसऱ्या बाजूने धरलं, आम्ही त्यांना उभं केलं आणि शिंगाडेवालीच्या मागे एका दगडावर नेऊन बसवलं.

म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. "बाई, नाव नोका कापू जी. चुकलं. खोटं बोललो आम्ही. पण नाव नोका कापू."

"कसलं नाव?" मी म्हणाले. "मी कुठं कोणाचं नाव कापून राहिली?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी अपंगांच्या पगाराची तपासणी करायला एक साहेब आले होते. पेन्शनला आपल्याकडे पगारच म्हणतात. गावातला एक लंगडा माणूस साहेब आले म्हणून मान राखायला उठून उभा राहिला, हात जोडले. त्याचा पगार बंद झाला. उभा होतो म्हणजे अपंग नाही. त्यानंतर राशनच्या वेळी, घरकुलाच्या वेळी, दर वेळी कुणीतरी शहरातून आलं, खुर्चीवर बसलं, गोड बोललं, लिहून नेलं आणि मागाहून कुणाचं तरी नाव गेलं. म्हणून मी येणार हे कळलं तसं लकवावाल्या घरांनी आपसात ठरवलं होतं. बाईसमोर कोणी उठायचं नाही, कोणी हात उघडायचा नाही, विचारलं तर जसाच्या तसा म्हणायचं.

"बरा झाला म्हटलं त कसरतवाली येणं बंद होते," म्हातारी म्हणाली. "तिनंच सांगितलं होतं, अंगणात गेले का बाबा पास. पास काहाले व्हायचं आमाले? ती येते त मी तेवढ्या वेळात धुणं नेतो, बाजारले जातो, कोणाच्या घरी बसून बोलतो. नाही त यायले सोडून कुठं जाऊ मी? अन् तिच्या धाकानं हे उठते. माह्यानं नाही उठत."

"मग तिला तरी सांगायचं न. तिच्यासमोर कायले झोपून राहिले?"

बाबा पहिल्यांदा बोलले. "तिले सांगितलं असतं त ती खरं बोलली असती. तिच्यानं खोटं नाही होत."

मला हसूच आलं. या माणसांच्या हिशेबात खोटी बाई मी होते. मी गोड बोलून नावं कापणारी. आणि ज्या बाईला मी लबाड ठरवून बसले होते, तिच्या खरेपणावर अख्ख्या गावाचा असा भरवसा होता की खोट्यात तिला सामीलच करून घेतलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं. खरी गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही. कुणीच उठत नाही असं मी लिहिलं तर ही सेवाच बंद होईल, सगळ्या गावांतून. कसरतवाली घरी बसेल. आणि उठतात असं लिहिलं तर सेवा चालू राहील, पण तिचं बाबांकडे येणं संपेल, कारण तो अंगणाचा नियम.

बाबांनी बराच वेळ दंडारीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मी पडलो त तिचं काम जाते, अन् उठलो त ती माह्याकडून जाते."

"होय."

"मंग तुमीच सांगा, तुमाले मी कसा पायजे?"

 एवढ्या वर्षांत लोकांना इतके प्रश्न विचारले, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बहीण म्हणाली, "चाल न आता, घरी पाहुणे आले असतीन," आणि मला ओढून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कसरतवालीला घेऊन त्यांच्याकडे गेले. ती यायला तयार नव्हती. म्हणत होती, आणखी किती अपमान करता मॅडम? तिचा माझ्यावर पक्का संशय होता की साहेबांनी मला सेवा बंद करायलाच पाठवलंय, आणि अर्धं ते खरंही होतं. आम्ही पोचलो तर बाबा खाटेवर नव्हते. दारात बसलेले होते, काठी मांडीवर आडवी. आम्हाला बघून त्यांनी बांबूला हात घातला, उठले, उंबरा ओलांडला. अंगणातून तुळशीपर्यंत गेले, वळताना थोडे डुगडुगले, परत आले. कपाळावर घाम होता.

"घे, पाह्य," ते कसरतवालीला म्हणाले. "झाली न तुही खातरजमा?"

ती भडकली. "बाबा, माही नोकरी गेली असती न! दोन दिस मी जेवली नाही!" आणि बोलता बोलता खाली बसून त्यांचं उजवं पाऊल हाताने सरळ करू लागली, टाच टेका म्हणून सांगू लागली. म्हातारी चहा टाकायला आत गेली. मला वाटतं ती रडायला गेली होती. चहा फार उशिरा आला.

ही बातमी माझ्या आधी गावोगाव पोचली. त्यानंतर ज्या घरी गेले तिथे माणसं उठून उभी राहत होती. शेंगा सोलणाऱ्या बाईने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एक गडी तर मला बघून रस्त्यातच चालून दाखवू लागला. मी म्हटलं, बाबा रे, तू पेशंट तरी आहेस का? तो होता. मला हसू येत होतं आणि तरी मी प्रत्येकाच्या चपलांकडे बघत होते. स्वभाव एका आठवड्यात जात नाही.

अहवालात मी लिहिलं की सेवा चालू ठेवावी, लोक खरोखर उठतात. हेही लिहिलं की अंगणाचा नियम चुकीचा आहे. माणूस अंगणात जाऊन आला म्हणजे संपलं असं नसतं, येणं एकदम तोडू नये, आणि बरं होण्याची शिक्षा मिळाली तर कुणी बरं होऊन दाखवणार नाही. साहेबांनी अहवालाचं कौतुक केलं. नियमाबद्दल म्हणाले, "ती पुढची गोष्ट. आपला प्रश्न चालू की बंद, एवढाच होता." मला तेव्हाच वास आला होता की ती पुढची गोष्ट कधी येणार नाही. पण लाखनीकडचं दुसरं काम अंगावर आलेलं होतं, बाळंतिणींचं. मी तिकडे लागले.

सेवा चालू राहिली. कसरतवालीला आणखी गावं मिळाली, लांबलांबची. बाबा पास झाले.

पुन्हा मी त्या बाजूला गेले तेव्हा उन्हाळा लागून मोहफुलं वेचायचे दिवस आले होते. बहिणीकडे निघाले होते. वाटेत ते घर लागलं म्हणून उतरले. मनात होतं की बाबांना जरा चिडवावं. मंडईतलं ते मातीत बसणं आठवून मी अधूनमधून एकटीच हसायचे.

बाबा आतल्या खोलीत होते, भिंतीला पाठ लावून, खाटेवर. उजवा गुडघा दुमडलेला. मला पाहून त्यांनी डोळे मिचकावल्यासारखं केलं की मला तसं वाटलं, कोण जाणे. मी दारातूनच म्हणाले, "उठा बाबा, उठा. आज मी कोणाचं नाव कापायले नाही आली. चालून दाखवा."

 म्हातारी चुलीपासून उठून आली. ती आणखी बारीक झाली होती.

"नाही उठत जी ते," ती म्हणाली. "थंडीत एक खेप पडले, मंग भेव घेतलं. ती होती त उठवे. माह्यानं नाही उठवणं झालं. पाय आखडून गेला."

मी हसत होते. मला अजून वाटत होतं की आता हा म्हातारा खो खो हसेल आणि बांबू धरून उभा राहील.  म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं मी काय समजते आहे ते.

"खोटं नाही जी या खेपी," ती म्हणाली.

ती खाटेजवळ गेली. एका हाताने बाबांची मांडी दाबली, दुसऱ्याने पाऊल धरलं आणि गुडघा सरळ करायला जोर लावला. तो सरळ झाला नाही. बाबांनी ओठ दाबून धरले आणि त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

"आजी, राहू द्या," मी म्हणाले. "दिसलं मला."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी एकदा दाबून दाखवला.